ताटासमोरचा बाप

“...आणि तिनं तोंडच उघडलं नाही तर? तर बापानं काय करायचं, बुवा?”

बळवंतराव मोहिते विचारत होते. साखर कारखान्यात त्यांच्या एका शब्दावर माणसं धावत. घरी मात्र त्यांची सतरा वर्षांची लेक ऋजुता घासाला शिवत नव्हती. पोर वाळून काडी झाली होती, तरी आरशापुढं उभी राहून म्हणायची, मी जाड आहे.

नदीकाठच्या लहानशा मठात निवृत्तीबुवा शेंगा सोलत बसले होते.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“आजार आहे म्हणतात. उपचार चालू आहेत. वेळ लागेल.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“हट्ट आहे! मी रोज तिच्यासमोर बसतो. ताट संपेपर्यंत उठू देत नाही.”

“संपतं?”

“...नाही.”

बुवा आत गेले. भाकरी, पिठलं, कांदा घेऊन आले.

“जेव.”

आणि बळवंतरावांच्या अगदी समोर मांडी घालून बसले. डोळे त्यांच्या तोंडावर.

“एवढासा घास?... ती कड का ठेवलीस?... गिळलास का? बघू.”

बळवंतरावांनी कसाबसा घास तोंडात घातला. घास आत जाईना, बाहेर येईना. शेवटी त्यांनी ताट सारलं.

“असं टक लावून बसलात तर घास उतरेल कसा, बुवा?”

बोलून गेले मात्र, रोज ताटावर झुकलेली लेकीची मान त्यांना दिसली.

बुवा उठून शेजारी येऊन बसले, त्याच ताटातली भाकरी मोडली आणि नदीकडं बघत निवांत जेवू लागले.

पिठल्याचा वास आला, आणि बळवंतरावांना लहानपण आठवलं. आई गेली तेव्हा मामानं त्यांना, लहानग्या बाळूला, इथंच आणून सोडलं होतं. अन्नाची माती झाली होती तोंडात. तेव्हा काळ्याभोर दाढीचे बुवा असेच शेजारी बसून जेवायचे. पुरात पायरीवर आलेल्या मगरीची गोष्ट सांगायचे, दर वेळी मगर वीतभर वाढायची. एक दिवस बाळू खुदकन हसला. हसता हसता हात बुवांच्या भाकरीला कधी लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

“बुवा... तेव्हा मला कसं हो खाऊ घातलंत?”

“मी कुठं घातलं? मला भूक लागली होती.”

बळवंतराव मग डोळे पुसून निघाले.

पुढं काही महिन्यांनी, एका दुपारी ते पुन्हा आले. चेहरा उतरलेलाच होता, पण आवाजातला कारखाना गेला होता.

“बरी झाली असं नाही म्हणत, बुवा. डॉक्टरांकडं जाणं चालूच आहे. एक दिवस दोन घास खाते, दुसऱ्या दिवशी ताट परत. मी आता समोर बसत नाही. शेजारी बसतो, माझं जेवतो. चार गोष्टी सांगतो.”

“हं.”

“काल मी जेवायला बसलो, तर ती आपणहून आली. माझ्या खांद्याला टेकली. म्हणाली, बाबा, तुमच्या लहानपणचं सांगा ना. अर्धंच सांगून झालं... तिला झोप आली. उरलेलं आज ऐकणार आहे म्हणाली.”

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“मग इथं काय करतोयस, बाळ्या?”