गुहेतल्या राक्षसाचा खटला

“पकडा ह्याला! ह्यानं माझा रणझुंजार मारला!” राजा दुर्जयराव ओरडला, आणि शिपायांनी हैबती हुजऱ्याचे दंड धरले.

आता हा रणझुंजार कोण? राजपुत्र नव्हे, सेनापती नव्हे, राजाचा लाडका घोडासुद्धा नव्हे. खरं सांगायचं तर रणझुंजार मुळात नव्हताच. राजाला जेवणानंतर एक खेळ खेळायचा नाद होता. फरशीवर खडूनं डोंगर, नद्या, गुहा काढायच्या. राजानं शूर वीराचं सोंग घ्यायचं, प्रधानानं मांत्रिकाचं, आणि हैबतीनं गोष्ट सांगत जायची, वाटेत काय लागलं नि कोण आडवं आलं. वीरानं तलवार उचलली की कवड्या टाकायच्या. उताण्या पडल्या तर वार लागला, पालथ्या पडल्या तर उलटला. असा तो रणझुंजार कित्येक वर्षं राक्षस मारत सुटला होता, आणि राजा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव टाकत होता. त्या दुपारी मात्र कवड्या सगळ्याच्या सगळ्या पालथ्या पडल्या. हैबती बिचारा नियमाला धरून म्हणाला, “राक्षसानं मुसळ हाणलं. वीर गेला.”

झालं, राजाचं डोकं फिरलं.

प्रधान हळूच म्हणाला, “महाराज, खेळातलं मरण ते. उद्या दुसरा वीर घेऊ की.”

“दुसरा घेऊ? तुमचा मुलगा गेला तर दुसरा घ्याल का? खून तो खून. हैबती म्हणतो, राक्षसानं मारलं. ठीक आहे. उद्या सकाळी तो राक्षस दरबारात हजर करा, त्याचं मुंडकं उडवतो. नाही आला तर हैबतीचं उडवतो.”

राजा हट्टी, त्यात शब्दाचा पक्का. म्हणजे हैबतीची मान गेल्यातच जमा होती. शिपाई ही खबर घेऊन त्याच्या घरी गेला तेव्हा हैबतीची मुलगी साळू भाकऱ्या थापत होती. आई नाही, भाऊ नाही, काय तो बाप एवढाच. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. मग उठून म्हणाली, “महाराजांना सांगा, राक्षस घेऊन येते.”

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. राक्षस बघायला मिळणार म्हणून लोक पोराबाळांसकट आले होते. साळू आली ती हातात एक जाड दोर घेऊन. दोराचं दुसरं टोक फरशीवरून नुसतंच फरफटत होतं.

“बाजूला व्हा, पाय पडेल त्याचा,” ती म्हणाली, आणि लोक खरंच बाजूला झाले.

राजानं डोळे वटारले. “कुठाय राक्षस?”

“हा काय, खांबापाशी उभा आहे. लाजतोय जरा.”

“मला तर काही दिसत नाही.”

“रणझुंजार तरी कुणाला दिसला होता, महाराज? मेलेला खरा, तर मारणारा खोटा कसा?”

दरबारात खसखस पिकली. राजानं मिशी चावली. “बरं, आहे म्हणू. उडवा मुंडकं.”

“त्याचं न ऐकता? ह्या दरबारात कोंबडीचोरालासुद्धा बोलू देतात.”

ते मात्र खरं होतं. राजा म्हणाला, “बोल म्हणावं.”

साळूनं खांबाकडे कान लावला. “तो म्हणतो, मी आपल्या गुहेत जेवायला बसलो होतो. एक माणूस तलवार घेऊन आत शिरला. ना हाक मारली, ना खाकरला. माझ्या थोरल्या भावाला दारातच कापलं आणि माझ्या अंगावर आला. हाताशी मुसळ होतं, ते हाणलं.”

“पण राक्षस माणसं खातात!”

“ह्यानं कुणाला खाल्लं?”

राजा शिपायांमध्ये उभ्या असलेल्या हैबतीकडे वळला. “काय रे, तसं सांगितलं होतंस ना?”

हैबतीनं हात जोडले. “नाही, महाराज. मी म्हटलं, गुहेत राक्षस आहे. पुढचं सांगणार तोवर आपण तलवार उपसलीत.”

“महाराज,” साळू म्हणाली, “हत्यार घेऊन घरात घुसलेल्याला घरधन्यानं मारलं, तर आपल्या राज्यात शिक्षा काय?”

कायदा राजानंच केलेला, आता नाकारणार कसा? “काही नाही. सोडा त्याला.”

साळूनं दोराची गाठ सोडली आणि खांबाला नमस्कार केला. पण राजा तो राजाच. म्हणाला, “राक्षस सुटला, तरी माझा वीर मेलाच ना? कुणाची तरी मान गेलीच पाहिजे.”

“जाऊ दे की. त्याला त्या गुहेत शिर म्हणून सांगितलं कुणी, तेवढं शोधा.”

प्रधान छताकडे बघायला लागला. राजाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

“मीच की,” तो म्हणाला. “म्हणजे आता माझी मान उडवायची?”

साळूनं मान डोलावली. “उडवायचीच, महाराज. फक्त तलवार रणझुंजारची आणा. खेळातल्या खुनाला खेळातलीच तलवार. खऱ्या तलवारीनं कापलेली मान मग कितीही कवड्या टाकल्या तरी जुळत नाही.”

राजानं एकदा हैबतीच्या मानेकडे पाहिलं. मग जो हसत सुटला तो पोट धरून. हसता हसता सिंहासनावरून उतरला, मान पुढे करून वाकला आणि प्रधानाला म्हणाला, “घाला घाव.” प्रधानानं रिकामा हात फिरवला. “मेलो!” म्हणून राजा सपशेल आडवा झाला.

हैबती सुटला. इतका वेळ ताठ उभी असलेली साळू बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि म्हणाला, “आजपासून गोष्ट तू सांगायचीस.”

त्याच दुपारी नवा वीर निघाला. साळूनं सांगितलं, “समोर गुहा आहे. आत राक्षस आहे.”

राजाचा हात सवयीनं कवड्यांकडे गेला, पण तिथंच थांबला. राजा खाकरला. “अहो, घरात आहे का कुणी?”

साळूनं जाडाभरडा आवाज काढला, “आहे. तलवार बाहेर ठेवा आणि हळू या, पोरं आत्ताच झोपलीत.”

राजा इतका हसला की वाड्यात खरंच कुणाचं तरी पोर जागं झालं.