अध्यक्षांचं भाषण आणि गच्चीवरचा पाइप

देवरुखच्या सोनचाफा सोसायटीत अध्यक्ष दळीसाहेबांपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी घरातल्या फिटिंगची उरलेली वायर शोधून काढली आणि बंडल वायरमन दर्शना मांडवकरच्या पुढ्यात टाकलं. "हीच ओढा."

"साहेब, ही घरात चालते. गच्चीवर ऊन-पाणी सोसणारी सोलरची वायरच लागते. नियम आहे तसा."

"नियम मला शिकवू नका! वायर पाइपातून जाणार ना? मग पाइपात पाऊस पडतो का?"

"पाऊस पडत नाही, पण पाइपाला आतून घाम सुटतो. सांध्यातूनही पाणी झिरपतं."

"काही झिरपत नाही. आत ठणठणीत कोरडं असतं!" साहेबांनी जमलेल्या बिऱ्हाडकरूंकडे ऐटीत पाहिलं.

दर्शनाने मात्र साहेबांच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. सोलरच्या उद्घाटनाचं अकरा पानी भाषण शाईच्या पेनाने लिहून ते महिनाभर खिशात घेऊन फिरत होते.

"बरं साहेब, तुमचीच वायर ओढते. पण आधी चार दिवस ते भाषण पाइपात घालून गच्चीवर ठेवू. दोन्ही तोंडं मी घट्ट बंद करते. द्या इकडे."

साहेबांनी दोन्ही हातांनी खिसा गच्च दाबला. "अहो, भिजेल ना ते!"

गच्ची हशाने दणाणली. शेवटी साहेबांनाही हसू आवरेना. दुसऱ्याच दिवशी सोलरची वायर आली.

काम संपल्यावर पाइपाचा एक तुकडा उरला. तो तळमजल्याच्या पाध्येकाकूंनी उद्घाटनापर्यंत जपून ठेवला. म्हणाल्या, "भाषण पाइपात घालायचा साहेबांचा विचार झालाच, तर हाताशी असलेला बरा!"