घोणशाच्या माथ्यावरचे मासे

घोणशा डोंगराच्या माथ्यावर कातळात कोरलेलं एक टाकं आहे. चढून दमलेली माणसं पाणी प्यायला वाकतात आणि दचकतात. तळाशी हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे खडस मासे फिरत असतात. खडस हा वाहत्या नदीतला मासा. तो इतक्या उंचावर आला कसा? वाट दाखवायला आलेले वाडीतले धाकूआजा मग कातळावर टेकतात आणि म्हणतात, "आमच्या ठकूनं आणला."

ठकू ही गेनू भोयाची बायको, असं सांगतात. ओळीने दोन पावसाळे कोरडे गेले होते. नदी तुटली, डोहामागून डोह आटले, शेवटी एकच पायरडोह उरला. वाडी उपाशी. माशांना गुंगी आणणारी गेळफळं कुटून डोहात टाकायची आणि भोवंडून वर आलेले मासे वाटून घ्यायचे, असं पंचांनी ठरवलं. भोयांचा नाईक म्हणून पहिली मूठ गेनूने टाकायची होती.

आदल्या दिवशी ठकू डोहावर गेली. दोन लेकरं पाळण्यातच गेलेली, आता पुन्हा दिवस राहिलेले. उथळ पाण्यात एक खडशी संथ हलत होती, पोट गाबोळीने तट्ट फुगलेलं. शेजारी तिचा नर. ठकूचा पाय तिथून निघेना.

"तिच्या पोटात पोरं आहेत," घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली.

"अन् तुझ्या पोटातलं काय खाईल?" गेनूने विचारलं.

ठकूने हंडा उचलला. ती गुपचूप परत गेली, पदरात ती जोडी धरली, हंड्यात घातली आणि घोणशा चढू लागली. माथ्यावरच्या टाक्याचा झरा तेवढा जिवंत होता. वाडी तिथलंच पाणी पीत असे. ऊन रणरणत होतं. हंडा हिंदकळून पाणी सांडत होतं. अर्ध्या वाटेत खडशी उताणी झाली. ठकूने भोपळ्यातलं स्वतःचं पिण्याचं पाणी हंड्यात ओतलं आणि नवस केला, "घोणशाई, एवढी जोडी पोचू दे. माझ्या चुलीवर पुन्हा मासा शिजणार नाही."

तेवढ्यात मागून गेनू आला. हात उगारूनच आला होता म्हणे. पण त्याने तिचे सुकलेले ओठ पाहिले, हंड्यात डोकावून पाहिलं, आणि हंडा आपल्या खांद्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे त्याने डोहात मूठ टाकली. वाडीने पोटभर खाल्लं. ठकू मात्र कडू कंद उकडून राहिली.

पुढे पाऊस झाला, नदी दुथडी भरली. पण जाळी रिकामीच वर येऊ लागली. पाण्यात मासाच उरला नव्हता. तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून टाक्यावर गेलेल्या ठकूला एक दिवस पाण्यात बोटाएवढी पिल्लं दिसली, झुंडच्या झुंड. साठल्या पाण्यात खडशी अंडी सोडत नाही, मग हिने कशी सोडली, हे अजून कोणाला उमगलेलं नाही. आजासुद्धा नुसते हात जोडतात. वाडीने हंडे भरभरून ती पिल्लं खाली नेली आणि नदी पुन्हा नांदती झाली.

आजही टाक्यात कोणी गळ टाकत नाही. आणि खाली नदीत जाळ्यात गाबोळीची मादी आली, तर भोई तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडतो आणि म्हणतो, "जा बाई, माहेरी जा. बाळंत होऊन ये."