गाण्यावर बसला किडा

चिंचेच्या झाडावर कोण राहतं?
पिटुकली राहते. एवढीश्शी खार!
ढोलीत तिचा कॉम्प्युटर. बिस्किटाएवढा.
कॉम्प्युटरमध्ये आईचं गाणं.

आई रोज कापूस आणायला लांब जाते. दुपार झाली की कॉम्प्युटर गाणं म्हणतो. पिटुकली ऐकते. आणि डाराडूर!

एके दिवशी काय झालं? पडद्यावर आला एक शेंगदाणा. लालेलाल! म्हणाला, "फुकट! फुकट! मला दाब!"
पिटुकलीने दाबला. टिक!
शेंगदाणा कुठला न काय! आत शिरला किडा. खीखीखी! खीखीखी! जाऊन बसला थेट गाण्यावर.
गाणं बंद. झोप बंद. पिटुकलीला रडूच आलं.

मग तिने डोळे पुसले. कॉम्प्युटर घेतला पाठीवर. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

आलं वैजूमावशीचं दुकान. मावशी म्हणजे कॉम्प्युटरची डॉक्टर! गावातला कुठलाही कॉम्प्युटर आजारी पडो, येतो तिच्याकडेच. ती किडे काढते. चोरून बघणारे हेर काढते. अश्शी हुशार!

"मावशी, मावशी, किडा काढ ना!
आईचं गाणं वाजेना,
मला झोप येईना!"

मावशी म्हणाली, "काढते की गं राणी! पण औषध कुठंय? औषधाशिवाय हात लावला, तर किडा पळून लपेल. पेनड्राइव्ह औषध भरून येईल, तर काढेन. नाहीतर नाही जा!"

कॉम्प्युटर ठेवला मावशीपाशी. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. कुठे? टेबलाच्या दुसऱ्या टोकाला! तिथे पेनड्राइव्ह लोळत होता.

"पेनड्राइव्ह, पेनड्राइव्ह, भर ना!
मावशी किडा काढीना,
आईचं गाणं वाजेना,
मला झोप येईना!"

पेनड्राइव्ह म्हणाला, "कशाने भरू? वायफाय औषध आणील, तर भरेन. नाहीतर नाही जा!"

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीवर वायफायची डबी. सगळे दिवे गुल.

"वायफाय, वायफाय, औषध आण ना!
पेनड्राइव्ह भरेना,
मावशी किडा काढीना,
आईचं गाणं वाजेना,
मला झोप येईना!"

वायफाय म्हणाला, "वीज गेलीय. खांबावरची तार सुटलीय. दत्तूमामा वायरमन तार जोडील, तर आणीन. नाहीतर नाही जा!"

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. खांबाखाली दत्तूमामा. शिडीला टेकून बसलेला.

"मामा, मामा, तार जोड ना!
वायफाय औषध आणीना,
पेनड्राइव्ह भरेना,
मावशी किडा काढीना,
आईचं गाणं वाजेना,
मला झोप येईना!"

मामा म्हणाला, "चहाशिवाय खांब चढणं आपल्याला जमत नाही बुवा! पातेलं आहे, पत्ती आहे, दूध नाही. शेळी दूध देईल, तर चढेन. नाहीतर नाही जा!"

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. शेळी उभी होती रुसून.

"शेळी, शेळी, दूध दे ना!
मामा तार जोडीना,
वायफाय औषध आणीना,
पेनड्राइव्ह भरेना,
मावशी किडा काढीना,
आईचं गाणं वाजेना,
मला झोप येईना!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! पोट रिकामं, म्हणे दूध दे! चिंच पाला देईल, तर देईन. नाहीतर नाही जा!"

निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. आली आपल्याच झाडापाशी.

"चिंचे, चिंचे, पाला दे ना!
शेळी दूध देईना,
मामा तार जोडीना,
वायफाय औषध आणीना,
पेनड्राइव्ह भरेना,
मावशी किडा काढीना,
आईचं गाणं वाजेना,
मला झोप येईना!"

चिंच म्हणाली, "अगं, रोज दुपारी तुझ्या आईचं गाणं मीपण ऐकते. गाणं ऐकेन, तर पान हलवेन. नाहीतर नाही जा!"

अगं बाई! आता? गाणं तर किड्याच्या बुडाखाली!

पिटुकली मटकन खाली बसली. नाक ओढलं. सूं सूं! मग हळूच म्हणाली, "मला एकच ओळ येते."
"एक तर एक," चिंच म्हणाली.
पिटुकली गायली. अगदी बारीक आवाजात.
"नीज नीज गं पिटुकली..."

एक पान हललं. मग फांदी हलली. मग अख्खी चिंच!

चिंचेने पाला दिला. सळसळ, सळसळ!
शेळीने दूध दिलं. चुर्र, चुर्र!
मामा चहा प्याला. फुर्र, फुर्र! शिडी चढला. तार जोडली. खट्!
वायफायने औषध आणलं. लुकलुक, लुकलुक!
पेनड्राइव्ह भरला. गच्च!
आणि मावशीने बाह्या सरसावल्या.

आता बघा हं मावशीचे हात! आधी तिने वायफाय बंद केला. "चोराला पळायला वाट नको." मग पेनड्राइव्ह खोचला. टक! आणि लागली शोधायला.
गाण्यावर किडा. धरला! टाकला डबीत.
"झालं, मावशी?"
"छे गं! एक दिसला, म्हणजे अजून लपलेत."
चित्रामागे दुसरा किडा. धरला!
खेळात एक हेर. एक डोळा उघडा ठेवून बसलेला. धरला!
डबीचं झाकण बंद. खीखीखी बंद. तरी मावशीने पुन्हा सगळं पाहिलं. अगदी पहिल्यापासून! अशी मावशी शोधून सापडायची नाही.

"पिटुकले, फुकट दिसलं की बोट कुठे?"
"पाठीमागे!"
"शाब्बास!"

मावशीने कळ दाबली. टिक! आणि आईचा आवाज आला.
"नीज नीज गं पिटुकली,
शेपटीची दुलई केली.
फांदी हलते झुलूझुलू,
आई येते हळूहळू..."

पिटुकलीने शेपटी ओढली अंगावर. डोळे मिटले. टेबलावरच!

इतक्यात दारात एक काका आले. हातात मोठ्ठा कॉम्प्युटर. "अहो वैजूताई, आमच्या कॉम्प्युटरमध्ये..."
मावशीने ओठांवर बोट ठेवलं.
"शूऽऽ! थांबा जरा. माझं गिऱ्हाईक झोपलंय."

किडा डबीत, गाणं कानात,
आपली गोष्ट निजली चिंचेच्या पानात.