धुरपदाआजीची वैशाखातली पंचमी

आपल्या पणजीची पणजी परकर नेसून हुंदडत होती, तेव्हाची ही गोष्ट. हिवरमाळ हे माळावरचं चाळीस उंबऱ्यांचं गाव. तिथं धुरपदा नावाची बाई राहायची. तिच्या पाच मुली आसपासच्या गावांत दिलेल्या, मुलगा येसू घरी, आणि नातवंडं इतकी की जेवायला बसली की पंगत उंबऱ्याबाहेर जायची. केस पिकले, पुढचे दोन दात पडले, पण धुरपदाआजीचं हसू काही आवरलं नाही. नातवंडांसाठी ती स्वतः चिंचेवर चढायची. भाकरी थापता थापता तोंडानं ढोल वाजवायची. आणि नागपंचमीला फुगडी धरली, की इतकी जोरात फिरायची की बघणाऱ्याला तिचं तोंड दोन्ही बाजूंनी दिसायचं, असं म्हणतात.

तिची सून साळू मात्र अबोल. दर पंचमीला आजी तिच्यापुढं हात करायची, "ये साळू, एक गिरकी घे."

साळू पदर ओढून म्हणायची, "नको आत्याबाई, मला लाज वाटते."

"बरं. पुढच्या वर्षी," आजी म्हणायची. अशी बारा वर्षं गेली.

हिवरमाळला दुःख होतं ते पाण्याचं. तळं व्हावं म्हणून पुरुषांनी ओढ्यावर मातीचा बांध घातला होता. पावसाळ्यात तळं भरायचं, बांधातून पाणी झिरपायला लागायचं, आणि एक दिवस बांधच वाहून जायचा. दोन वर्षांत दोनदा फुटला. मग एका चैत्रात सुभान पाटलांनी गाव पारावर जमवलं आणि सांगितलं, "आता पुरे झालं. पेरणीच्या आधी गाव उठवायचं. ज्याला जिकडं आसरा मिळेल, त्यानं तिकडं जावं."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मागं बायकांत बसलेली धुरपदाआजी तेवढी उठली.

"पाटील, गाव उठलं तर माझ्या पोरींनी पंचमीला यायचं कुठं?"

"म्हातारे, इथं प्यायला पाणी नाही आणि तुला पंचमी सुचते?"

"मला माहेर सुचतंय. गाव तुम्ही दुसरीकडं वसवाल. माहेर वसवता येतं का?"

"मग तूच अडव ओढा!" पाटील वैतागून म्हणाले.

लोक हसले. आजी हसली नाही. ती हसली नाही असा तो गावानं पाहिलेला पहिलाच दिवस, असं म्हणतात.

दोन दिवसांनी वळवाची सर आली. तापलेल्या माळानं सगळं पाणी तिथल्या तिथं पिऊन टाकलं. पण आजीच्या अंगणात मधोमध डबकं राहिलं, ते चार दिवस झाले तरी हटेना. साळू हंडा घेऊन कडेकडेनं जाताना घसरली, आणि एरवी न बोलणारी साळू त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, तुमच्या फुगड्यांनी अंगणाची परात करून ठेवलीय! थेंबभर पाणी मुरत नाही. मी ये-जा कुठून करायची?"

आजी पडवीतून ताडकन उठली. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

साळू घाबरली. पण आजी डबक्यात बसून तळ चाचपत होती. वर्षानुवर्षं टाचांनी दाबलेली काळी माती रांजणाच्या बुडासारखी घट्ट झाली होती. तशीच चिखलाच्या हातांनी ती पाटलांच्या दारात गेली.

"पाटील, तुम्ही माती टाकलीत, दगड रचलेत, पण तुडवली कुठं? बांधाच्या पोटात चर काढा. काळी माती भरा. तुडवायचं काम आमचं. यंदाची पंचमी वैशाखात, आणि बांधावर!"

"पंचमी श्रावणात असते. पंचांगात तसं लिहिलंय."

"नागाला कुठं वाचता येतं?"

पाटलांना हसू आलं, आणि हसल्यावर नाही म्हणणं त्यांना जड गेलं. "माती आम्ही देतो," ते म्हणाले. "पण यंदा फुटला, तर गाव उठलंच म्हणून समज."

आता माती भिजवायला पाणी हवं, ते कुठून आणायचं? आजीनं येसूला गावोगाव धाडलं. हिवरमाळच्या लेकी जिथं जिथं दिल्या होत्या तिथं त्यानं निरोप दिला. यंदा पंचमी वैशाखात आहे, येताना सासरचं घागरभर पाणी आणा. सासवा कुरकुरल्या, पण लेकी आल्या. पहिल्या दिवशी सात आल्या, दुसऱ्या दिवशी वीस, आणि मग कुणी मोजायला राहिलं नाही. दुरून बघणाऱ्याला वाटे, घागरीच माळ चढून येतायत.

पुरुष चरात वीतभर माती टाकायचे, लेकी पाणी ओतायच्या, आणि मग फेर, झिम्मा, फुगडी. ती माती दगडासारखी झाली की वर दुसरी वीत. टाचा फुटल्या. पोटऱ्या सुजल्या. बायका मटकन खाली बसल्या, की आजी पाटलांची चाल करून दाखवायची, पोट पुढं काढून, मिशा पिळत. बायका हसत हसत पुन्हा उठायच्या. पाटील लांबून बघायचे आणि न पाहिल्यासारखं करायचे. एकवीस दिवस हे चाललं. त्या पायांचा ठेका सात गावांत ऐकू जायचा आणि तिथले बैलसुद्धा त्याच तालावर पाऊल टाकायचे, असं म्हणतात.

साळू रोज पाणी ओतायची. चरात उतरायची मात्र नाही.

पावसाळा आला. तळं भरत गेलं. हस्ताच्या पावसात ते काठोकाठ झालं आणि सगळं गाव बांधावर उभं राहिलं. दुपारी एका टोकाला माती ओली दिसली. मग बोटाएवढी धार सुटली.

"संपलं," पाटील म्हणाले. "पोरंबाळं बाहेर काढा."

धुरपदाआजी त्या जागेवर जाऊन उभी राहिली. लेकी केव्हाच आपापल्या सासरी गेल्या होत्या. गावातल्या बायका मुलांकडं धावल्या. एकटीनं फुगडी होत नाही. आजीनं साळूपुढं हात केला.

साळूनं हातातलं मूल येसूकडं दिलं, पदर खोचला आणि म्हणाली, "आत्याबाई, घट्ट धरा."

दोघी फिरल्या. पुरुषांनी त्यांच्या पायांखाली काळ्या मातीच्या पाट्या ओतल्या. सासू-सून घोट्यापर्यंत रुतल्या, गुडघ्यापर्यंत रुतल्या, तरी गिरकी थांबली नाही. धारेची सुतळी झाली, सुतळीचा दोरा झाला, आणि दोरा तुटला. तळ्याचं पाणी तेव्हा दोन पावलं मागं सरलं, असं म्हणतात.

आजी चिखलात बसून खदखदून हसत होती. "बारा वर्षं लाजलीस, भवाने, आणि फिरतेस माझ्यापेक्षा जोरात!"

हिवरमाळ उठलं नाही. आजी पुढं खूप जगली. शेवटच्या पंचमीला पाय उठेनात, तेव्हा नातींनी तिला बाजेसकट बांधावर नेलं आणि तिथं तिनं टाळ्यांनी ठेका धरला.

तो बांध अजून आहे. त्याच्या टोकाला परातीएवढी जागा आहे, तिथं गवत उगवत नाही. पंचमीला माहेरी आलेली लेक आधी घरी जात नाही. सासरहून आणलेलं पाणी त्या जागेवर ओतते, एक गिरकी घेते, आणि मगच आईच्या दारात पाऊल टाकते.

नव्या सुनेलाही पहिल्या पंचमीला तिथं नेतात. हात पुढं करायचा तो सासूनं. सून लाजली, नको म्हणाली, तर तिला कुणी बोलत नाही. सासूनं फक्त "बरं" म्हणायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात पुढं करायचा.