विणकराची चुकलेली पहाट

खूप जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात सिद्राम नावाचा विणकर राहत होता. दिवसभर मागावर बसायचं आणि गालात तंबाखू धरायची, हा त्याचा क्रम. हळूहळू त्याला दम लागू लागला.

वैद्य म्हणाले, "तंबाखू सोड. रोज पहाटे तळ्यापर्यंत चालून ये. नाहीतर वर्षभरात माग सुटेल तुझा."

सिद्रामने मनाशी ठरवलं, पण कुणाला सांगितलं नाही. जमलं नाही तर लोक हसतील! दोन दिवस तो चालला. तिसऱ्या दिवशी अंथरुणातच राहिला. पुन्हा ठरवलं, पुन्हा मोडलं. असं चार वेळा झालं. पाय माझे, तोंड माझं, मग माझं ऐकत का नाहीत? त्याला काही कळेना.

एके दिवशी लुगडं विणता विणता तो धापा टाकत मागावरच ओणवा झाला. बायको, चंद्राबाई, धावत आली. तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. "मला जगायचंय गं. तरी हात चंचीकडेच जातो. माझं मलाच कळत नाही."

चंद्राबाईने तंबाखूची चंची उचलली. "ही आता माझ्याकडे. तल्लफ आली की मला हाक मारा." मग ती शेजारच्या भागोजी कुंभाराकडे गेली. तो पहाटे गाढवं घेऊन तळ्यावर माती आणायला जाई. "भावजी, जाताना यांनाही उठवत जा."

दुसऱ्या दिवसापासून दारात हाक येऊ लागली. "चला, सिद्रामअण्णा!" दारात माणूस उभा असताना झोपून कसं राहायचं? सिद्राम निघे. तल्लफ आली की चंद्राबाई हातावर बडीशेप ठेवी.

महिना बरा गेला. मग बाजारात एक जुना मित्र भेटला, त्याने चिमूट पुढे केली आणि सिद्रामने ती तोंडात टाकली.

दुसऱ्या पहाटे हाक आली, तरी तो पडूनच राहिला. गप्प बसावं की खरं सांगावं? सगळंच मोडलं की थोडंसंच? पुन्हा हाक आली. शेवटी त्याने दार उघडलं.

"भागोजी, काल मी तंबाखू खाल्ली. माझ्यापायी उगाच खोळंबू नकोस."

"ती काल खाल्ली," भागोजी म्हणाला. "चालायचंय आज. पायताण घाला."

वाटेत सिद्रामने विचारलं, "मग मला एकट्याला का जमत नव्हतं रे?"

"ते मला काय ठाऊक, अण्णा? मीसुद्धा आधी आठवड्यातून दोनदा तरी लोळत पडायचो. तुम्ही यायला लागलात, तेव्हापासून माझी एक खेप चुकली नाही."

सिद्राम थबकला. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपण याच्या गळ्यात पडलोय.

वर्ष सरलं. तंबाखू सुटली, दम लागायचा थांबला, मागही चालू राहिला. पण रोज पहाटे कोण कुणाला घेऊन निघतं, हे त्या दोघांना कधीच नेमकं सांगता आलं नाही.

तात्पर्य एवढंच: चांगली सवय लावायची तर आपल्या माणसांना सांगून लावावी, आणि ती मोडली तर तेही त्यांना सांगावं.