राजाची मूठ आणि ओला पंचा

राजा वज्रबाहूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. काही महिन्यांनी हात थोडा हलू लागला, तेव्हा त्यात किती जोर आलाय हे रोज मोजायचं ठरलं. रीत अशी, की महाराजांनी एकेका दरबाऱ्याचं मनगट दाबायचं आणि तो केवढ्याने ओरडतो ते ऐकून राजवैद्यांनी जाहीर करायचं : आज तीन हत्तींचं बळ, आज सात हत्तींचं.

दरबारी जीव तोडून ओरडत. सेनापती तर बेशुद्धच पडत. एकदा महाराज अजून दारातच होते, तोवर प्रधानजी मनगट धरून लोळू लागले. त्या दिवशी दहा हत्ती भरले. दुपारी मात्र महाराजांच्या हातून ताकाचा पेला निसटला. हे कसं, ते कुणालाच कळेना.

दहा हत्तींच्या भरवशावर महाराजांनी ठरवलं, दसऱ्याला घोड्यावर बसायचं आणि उजव्या हाताने लगाम धरून मिरवायचं. त्यांच्या हाताला तेल चोळणारा म्हादू परीट बोलून गेला, ''महाराज, लगाम सुटेल. पडाल.''

म्हादूला कोठडीत टाकलं. दसरा झाला की कडेलोट.

त्याची थोरली बहीण बायजा घाटावर धुणं धूत होती. बातमी कळताच ओल्या कपड्यांचं गाठोडं काखेत मारून ती तशीच दरबारात घुसली आणि म्हणाली, माझा भाऊ खरं बोललाय, त्याला सोडा.

''खरंखोटं ठरवायला माप लागतं,'' महाराज गुरगुरले. ''असं माप आण, जे कुणीही घेतलं तरी तेवढंच भरेल. ते मला भिणार नाही आणि माझी खुशामतही करणार नाही. नाहीतर भावाच्या शेजारी तुझीही जागा!''

प्रधानजी गालात हसले. राज्यात महाराजांना न भिणारं कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं.

बायजाने गाठोड्यातून एक पंचा ओढला. ''हा तुम्हाला ओळखत नाही, महाराज.''

मग तिने परटांची रीत सांगितली. आजारातून उठलेल्याला घाटावर कामाला घ्यायचं की नाही, हे ओला पंचा ठरवतो. एका मुठीत पंचा दाबायचा, पाणी वाटीत धरायचं. पंचा तोच, वाटी तीच, कोपर टेकलेलं, आणि दोन खेपांमध्ये हाताला विसावा.

महाराजांनी उजव्या मुठीत पंचा आवळला. सेनापती सवयीने ''मेलो'' म्हणून आडवे झाले. त्यांना कुणी हातही लावला नव्हता. पाणी धरायला आणलेल्या चांदीच्या वाटीत आतून मोर कोरला होता. पाणी जेमतेम त्याच्या पायांपर्यंत आलं.

प्रधानजी म्हणाले, माप हिच्या हातून झालं, म्हणून कमी भरलं. बायजा म्हणाली, मग तुम्ही घ्या. तिने राजवैद्य, सेनापती आणि प्रधानजी या तिघांना पाळीपाळीने पंचा भिजवून महाराजांच्या मुठीत द्यायला आणि वाटी धरायला लावलं. एकाची पाळी असताना बाकीच्या दोघांनी भिंतीकडे तोंड करायचं, म्हणजे दुसऱ्याचं माप दिसणार नाही. राजवैद्यांच्या खेपेला पाणी मोराच्या पायांशी थांबलं. सेनापतींच्या खेपेलाही तिथंच. प्रधानजींच्या खेपेला मात्र मोर मानेपर्यंत बुडाला आणि दरबारात जयजयकार झाला.

बायजा म्हणाली, ''प्रधानजी, बाही ओली कशी झाली हो? महाराजांबरोबर तुम्हीपण पिळत होतात का?''

प्रधानजींना बाही कोपरावर गुंडाळायला लावून महाराजांनी पुन्हा पिळलं. मोराचे पाय.

 महाराजांनी डाव्या हाताने वाटी जवळ ओढून आत पाहिलं.

''एवढंच? माझं सगळं बळ एवढंच?''

''एवढंच, महाराज. पण हे तुमच्या मुठीतलं आहे. ते दहा हत्ती यांच्या घशातले. घशातले हत्ती लगाम कसा धरणार?''

महाराजांच्या ओठांचा डावा कोपरा आधी हलला, मग उजवाही थोडा उचलला गेला, आणि ते वाकडंतिकडं, खदखदून हसले. दसऱ्याला पालखी सांगितली. ओरडणाऱ्या सगळ्यांना घाटावर धुणं पिळायला धाडलं. मग बायजाला विचारलं, काय हवं?

''भाऊ. घरात दोनच ताटं आहेत, त्यातलं एक पालथं पडलंय.''

''तो सुटला. आणखी माग.''

''मग माझा पंचा द्या. गिऱ्हाइकाचा आहे.''

''पंचा मिळणार नाही,'' महाराज म्हणाले. ''माझ्या दरबारात खरं बोलणारा तो एकटाच आहे.'' आणि प्रधानजींच्या खांद्यावरचा जरीचा शेला ओढून त्यांनी तिच्या गाठोड्यावर टाकला. ''गिऱ्हाइकाला हा दे.''